लँडिंगला पडलेलं बॉम्बर : जुना अपघात कागदावर उलटा कसा वाचायचा

जुना विमान अपघात वाचायला घेतला की बहुतेक जण थेट शेवटाला जातात, किती गेले, कोण वाचलं, चूक कुणाची, झालं संपलं. मीपण आधी तेच करायचो. मग हळूहळू कळलं की लँडिंगचा अपघात उलटा वाचायचा असतो, म्हणजे चाकाची जमिनीवर पहिली खूण जिथे उमटली तिथे बोट ठेवायचं आणि तिथून मागे मागे जायचं, सेकंदा-सेकंदाने, जोपर्यंत असा एक क्षण सापडत नाही जिथे सगळं अजून सावरता आलं असतं. तो क्षण सापडला की रिपोर्टमधला 'पायलटची चूक' हा शब्द एकदम वेगळा दिसायला लागतो. कधी तो शब्द बरोबरच असतो, नाही असं नाही. पण त्याच्या शेजारी अजून दोन-तीन गोष्टी उभ्या असतात ज्या मथळ्यात मावत नाहीत.

सामान फार लागत नाही. एक मोठा कागद आडवा धरून, पेन्सिल, खोडरबर, साधा कॅलक्युलेटर. खोडरबर विसरू नका कारण पहिलं चित्र हमखास चुकतं.

सरावासाठी मी नेहमी एकच केस सुचवतो, ब्रिटिश रॉयल एअर फोर्सचं एव्ह्रो व्हल्कन, नंबर एक्सए८९७, तारीख १ ऑक्टोबर १९५६, जागा लंडनचं हीथ्रो विमानतळ. का तर हा अपघात फार शिकवतो, आणि त्यावर दोन वेगवेगळ्या चौकश्या झाल्या ज्यांचा सूर वेगळा आहे. दुसरं महायुद्ध संपून अकरा वर्षं झालेली, ब्रिटनने व्हॅलियंट, व्हल्कन आणि व्हिक्टर अशी तीन जेट बॉम्बर काढलेली, त्यातलं व्हल्कन म्हणजे ते मोठं त्रिकोणी पंखाचं, एअर फोर्सच्या हातात नुकतंच आलेलं. हे विमान ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा दौरा करून परत येत होतं, शेवटचा टप्पा एडनहून लंडन. हीथ्रोवर स्वागताला मोठी माणसं, घरचे लोक, विमान बनवणाऱ्या एव्ह्रो कंपनीचे लोक थांबलेले, आणि बाहेर पाऊस, खाली आलेले ढग, दिसायची मारामार.

आता कागदावर पहिलं काम म्हणजे ग्राफ नाही, तर सीटांचं चित्र. कोण कुठे बसलं होतं ते आधी काढा, हे लोक सोडून देतात आणि मग शेवटी गोंधळतात. व्हल्कनच्या पुढच्या भागात वर दोन पायलट शेजारी-शेजारी, आणि त्यांच्या मागे खालच्या पातळीवर तीन जणांची रांग, तोंड विमानाच्या शेपटीकडे. त्या दिवशी डाव्या सीटवर कॅप्टन स्क्वॉड्रन लीडर डॉनल्ड हॉवर्ड, उजव्या सीटवर एअर मार्शल सर हॅरी ब्रॉडहर्स्ट, म्हणजे सगळ्या बॉम्बर कमांडचे प्रमुख स्वतः कोपायलटच्या जागेवर. आणि मागे तीन सीटांच्या जागेत चार जण, त्यातले तीन एअर फोर्सचे अधिकारी आणि एक एव्ह्रो कंपनीचा टेक्निकल माणूस. या चित्रात पुढच्या दोन सीटांना पेन्सिलने गोल करा, कारण इजेक्शन सीट, म्हणजे माणसाला सीटसकट विमानाबाहेर फेकणाऱ्या, फक्त त्या दोन होत्या. मागच्या चौघांना नव्हत्या. हा गोल आत्ता नुसता काढून ठेवा, त्याची गरज नंतर पडेल.

दुसरं, हवामान आणि 'कुठपर्यंत खाली यायचं' हा आकडा. प्रत्येक पायलट असं ठरवून उतरतो की या उंचीपर्यंत रनवे दिसला नाही तर प्रयत्न सोडायचा, पॉवर द्यायची, वर जायचं. त्या काळी ब्रिटनमध्ये याला ब्रेक-ऑफ हाइट म्हणायचे. हॉवर्डने ही उंची ३०० फूट ठरवली होती, आणि एकदाच प्रयत्न करायचा, जमलं नाही तर लिंकनशरमधल्या वॉडिंग्टनला जायचं असंही ठरवलेलं. म्हणजे पर्याय हातात होता. कागदावर डावीकडे वरच्या कोपऱ्यात हे दोन शब्द मोठे लिहा, '३०० फूट' आणि 'वॉडिंग्टन'. बाकी सगळा अपघात या दोन शब्दांच्या खाली घडणार आहे.

आता तिसरं, आणि इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवा, बाजूने दिसणारं चित्र. कागदाच्या खालच्या बाजूला एक आडवी रेघ, ती जमीन. उजवीकडे रनवे, रनवेची सुरुवात म्हणजे थ्रेशोल्ड तिथे छोटी उभी खूण, आणि त्याच्या आत साधारण १,००० फुटांवर जिथे चाकं टेकायला हवीत ती जागा. त्या जागेपासून डावीकडे वर जाणारी तिरकी रेघ, हा ग्लाइडपाथ, विमान ज्या घसरगुंडीवरून खाली यायला हवं ती. नेमका कोन माहीत नसेल तर ३ अंश धरा, बहुतेक ठिकाणी तेवढाच असतो. हिशोब सोपा आहे, ३ अंशाच्या घसरगुंडीवर एका नॉटिकल मैलाला सुमारे ३२० फूट उंची कमी होते, तोंडी हिशोबाला पायलट लोक ३०० धरतात. कागदावर उभं माप आडव्यापेक्षा दहापट मोठं घ्या नाहीतर रेघ जमिनीला चिकटून दिसेल आणि काही कळणार नाही.

मग त्यात माहीत असलेले बिंदू टाका. फक्त पक्के. या केसमध्ये पक्के बिंदू मोजकेच आहेत. एक, टेकायच्या जागेपासून पाऊण मैलाच्या आसपास असताना जमिनीवरच्या कंट्रोलरने पायलटला सांगितलं की तू ग्लाइडपाथच्या ८० फूट वर आहेस. दोन, विमान जमिनीला पहिल्यांदा लागलं ते थ्रेशोल्डच्या जवळजवळ २,००० फूट आधी, भाजीच्या शेतात. आणि तीन, या दोन्हींच्या मध्ये उंचीबद्दल पायलटला कंट्रोलरकडून काहीही सांगितलं गेलं नाही.

आता पेन्सिल घेऊन पहिल्या आणि दुसऱ्या बिंदूला जोडा. जोडलीत? काहीतरी विचित्र दिसतंय ना. पाऊण नॉटिकल मैल म्हणजे सुमारे ४,५५० फूट, तिथे ग्लाइडपाथची उंची २४० फुटांच्या जवळपास, त्यावर ८० मिळवा, विमान ३२० फुटांवर. पहिली धडक टेकायच्या जागेपासून मोजली तर ३,००० फूट अलीकडे. म्हणजे मधलं अंतर साधारण १,५५० फूट. वेग १४० नॉट धरा, सेकंदाला सुमारे २३६ फूट, तर हे अंतर सात सेकंदांच्या आतच कापलं जातं. ३२० फूट उंची सात सेकंदात गायब! मिनिटाच्या हिशोबाने जवळजवळ २,८०० फूट, आणि ३ अंशाच्या घसरगुंडीवर याच वेगाला मिनिटाला ७५० फुटांच्या आसपास उतरणं नॉर्मल. जवळपास चौपट. वेग आणि कोन मी धरलेले आहेत, मैल नॉटिकल की साधा यावरूनही आकडा बराच हलतो, साधा धरला तर पाच-सहापट येतो, तुम्ही दोन्ही करून बघा, पण कसंही धरलं तरी उतार नॉर्मलच्या निदान तिप्पट-चौपट येतोच.

इथे थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, असा उतार खरंच झाला असेल का? 'तू वर आहेस' ऐकल्यावर पायलट नाक थोडं खाली करणार, उतार वाढणार, हे स्वाभाविक आहे, त्याने तेच करायला हवं. पण चौपट? ढगात, इतक्या मोठ्या विमानात, शेजारी कमांडचा प्रमुख बसलेला असताना? मला ते पटत नाही. म्हणून दुसरी शक्यता लिहायची, की ते ८० फूट ज्या क्षणी बोलले गेले त्या क्षणी खरं नसावं, एकतर आकडा शिळा झालेला, नाहीतर पडद्यावर चुकीचं वाचलेलं, नाहीतर उपकरणात काही गडबड. हे माझं मत आहे, चौकशीचा निष्कर्ष नाही, आणि तुम्हीही तुमच्या कागदावर मत वेगळ्या रंगाने लिहा, तथ्य वेगळ्या रंगाने. एकदा दोन्ही एका रंगात लिहिलं की महिन्याभराने आपल्यालाच कळत नाही कुठलं कुठलं.

चौथी पायरी म्हणजे तीन उंच्या वेगळ्या करणं. 'विमान किती उंचीवर होतं' असं एकच उत्तर कधी नसतं. अल्टिमीटर, म्हणजे पायलटसमोरचा उंची दाखवणारा काटा, काय दाखवत होता ती एक, रडारवर कंट्रोलरला काय दिसत होतं ती दुसरी, आणि चाकं खरोखर कुठे होती ती तिसरी. अपघाताच्या दिवशी या तीन उंच्या एकमेकींपासून फाटतात आणि तिघांपैकी कुणालाच ते माहीत नसतं.

अल्टिमीटर हवेच्या दाबावर चालतो. १९५०च्या दशकातला अल्टिमीटर म्हणजे आत डबी, गिअर, सुई, पूर्ण यांत्रिक, त्यात घर्षण असतं त्यामुळे झपाट्याने खाली येताना सुई थोडी मागे रेंगाळते, म्हणजे तुम्ही खाली पोचलेले आणि सुई अजून वरची उंची सांगते. शिवाय विमानाच्या अंगावर हवेचा दाब जिथून घेतात तिथे नाक वर असताना दाब थोडा चुकीचा मिळतो. या दोन चुका एकाच दिशेने जमल्या तर घात. आणि तिसरी भानगड म्हणजे तो कुठल्या दाबावर सेट आहे, रनवे म्हणजे शून्य की समुद्रसपाटी म्हणजे शून्य, रॉयल एअर फोर्समध्ये उतरताना रनवे शून्य धरायची पद्धत. हीथ्रो समुद्रसपाटीपासून ८० फुटांच्या आसपासच आहे, योगायोगाने कंट्रोलरचा आकडाही ८०, तर या दोघांचा नसता संबंध जोडत बसू नका, मी एकदा अर्धा दिवस वाया घालवलाय.

चाकांची उंची तर अजून वेगळी. त्रिकोणी पंखाचं विमान हळू उडताना नाक बरंच वर करून येतं, पायलट पुढे वर बसलेला आणि मुख्य चाकं मागे खाली, त्यामुळे डोळे ज्या उंचीवर आहेत त्याच्या कितीतरी फूट खाली चाकं लटकत असतात. पायलटला वाटतं आहे अजून जागा, मागे चाकं झाडाला घासतायत. कुठल्याही मोठ्या बॉम्बरचा अंडरशूट वाचताना, म्हणजे रनवेच्या आधीच टेकण्याचा अपघात वाचताना, हा डोळे-ते-चाक फरक आधी मनात धरा.

रडारची उंची समजायला टॉकडाउन कसं चालतं ते माहीत हवं. जमिनीवर एक कंट्रोलर दोन पडद्यांसमोर बसतो, एका पडद्यावर विमान रनवेच्या रेषेच्या डावीकडे-उजवीकडे किती, दुसऱ्यावर ग्लाइडपाथच्या वर-खाली किती. तो सतत बोलत राहतो, थोडं उजवीकडे, रेषेवर, थोडं वर, पाऊण मैल, आणि पायलट ढगात आंधळा, फक्त त्या आवाजावर येतो. बर्लिनला १९४८-४९ मध्ये हवाई मार्गाने माल पोचवत होते तेव्हा याच पद्धतीने हजारो विमानं खराब हवेत उतरवली, तेव्हा पद्धत चांगली होती यात शंका नाही. पण एका माणसाने दोन पडदे बघायचे आणि तोंडही चालू ठेवायचं, म्हणजे एकाकडे जास्त लक्ष गेलं की दुसरा सुटतो. विमान बाजूला सरकत असेल तर तो डावं-उजवं सुधारत बसतो आणि तेवढ्यात वर-खालीचा ठिपका घसरून जातो. म्हणून टॉकडाउनचा मजकूर मिळाला तर तो दोन कॉलममध्ये लिहून काढा, डाव्या कॉलममध्ये दिशेची वाक्यं, उजव्यात उंचीची. उजवा कॉलम कुठे रिकामा होतो ते बघा. एक्सए८९७ मध्ये तो ८० फुटांनंतर रिकामा आहे. आणि पायलटसाठी तो रिकामेपणा म्हणजे 'सगळं ठीक' असाच होतो, कारण ढगात बसलेल्या माणसाला गप्प राहणं आणि ठीक असणं यातला फरक कळणार कसा.

पाचवं, पहिली धडक आणि अपघात या दोन वेगळ्या घटना धरा. लोक यांना एकच समजतात. हीथ्रोला पहिल्या धडकेत विमान संपलं नव्हतं, मुख्य अंडरकॅरेज, म्हणजे चाकं आणि त्यांचे पाय, तुटलं, कंट्रोलना इजा झाली, पण विमान परत हवेत उठलं. हॉवर्डने फुल पॉवर दिली, वर जायचा प्रयत्न केला, आणि विमान उजवीकडे कलत गेलं, सावरेना. हॉवर्ड बाहेर पडला. ब्रॉडहर्स्टने कंट्रोल हलवून बघितले, उपयोग नाही, मग तेही बाहेर पडले. विमान रनवेवर आदळलं आणि पेटलं. मागचे चौघेही गेले. तर तुमच्या कागदावर शेतातल्या खुणेपासून रनवेपर्यंत एक छोटी टेकडीसारखी रेघ काढा, वर जाऊन खाली येणारी, आणि त्या रेघेच्या माथ्यावर दोन बाण वरच्या दिशेने. या टेकडीत किती सेकंद होते, तेवढ्यात विमानातल्या कोणाला काय करता आलं असतं, हा प्रश्न इथे विचारायचा.

आणि इथे ते सुरुवातीचं सीटांचं चित्र परत काढा. मागच्यांचा बाहेर पडायचा रस्ता म्हणजे पोटाकडचा दरवाजा, खाली उघडणारा, पुढच्या चाकाच्या पायाच्या पुढ्यात. चाकं खाली असली की तो पाय दरवाजाच्या मागेच उभा, बाहेर पडणारा माणूस वाऱ्याने त्याच्यावरच जाणार. उंचावर, चाकं वर असताना, वेळ असताना पॅराशूट घेऊन जाता यायचं. लँडिंगला काही फुटांवर, पट्टा सोडायचा, उठायचं, दरवाजापर्यंत सरकायचं, हे शक्यच नव्हतं. म्हणजे लँडिंगच्या अपघातात या विमानाची रचनाच ठरवत होती कोण वाचणार. पुढचे दोघे पळून गेले असं तेव्हाही काही लोक बोलले, मला ते बोलणं अन्यायाचं वाटतं, ते बसून राहिले असते तर चारऐवजी सहा गेले असते, एवढाच फरक. दोष द्यायचाच असेल तर ज्या टेबलावर ही रचना मंजूर झाली तिथे जा. पुढे १९६० मध्ये इजेक्शन सीट बनवणाऱ्या मार्टिन-बेकर कंपनीने व्हॅलियंटमध्ये मागच्या जागेवरून इजेक्शन करून दाखवलं, जमतं हे सिद्ध झालं, तरी व्ही-बॉम्बरना, म्हणजे व्हॅलियंट, व्हल्कन, व्हिक्टर या तिघांना, ते कधी बसवलं नाही. मागच्यांना नंतर उठायला मदत करणारी हवेची उशी मिळाली, जी लवकर उभं करते. उभं करते, बाहेर फेकत नाही.

सहावी पायरी चौकश्यांची. सैन्याच्या विमानाचा अपघात असेल तर एकापेक्षा जास्त चौकश्या असू शकतात आणि प्रत्येकीचा मालक वेगळा असतो. इथे एक एअर फोर्सची स्वतःची, आणि दुसरी वाहतूक व नागरी विमान खात्याच्या मंत्र्याने नेमलेल्या डॉ. ए. जी. टच यांची, कारण टॉकडाउनचा कंट्रोलर आणि विमानतळ नागरी बाजूचे. दोन्ही शेजारी ठेवून फक्त क्रियापदं वाचा, हा माझा आवडता उद्योग. एअर फोर्सचं म्हणणं साधारण असं की उतरायचा प्रयत्न करणं योग्यच होतं, पण ब्रेक-ऑफ हाइट ३०० फूट ठरवण्यात आणि तिच्याही खाली जाण्यात पायलटचा अंदाज चुकला, आणि कंट्रोलरने खाली गेल्याचा इशारा दिला नाही. टच यांचं म्हणणं, इशारा दिला गेला नाही हे खरंच, एकतर कंट्रोलरचं लक्ष दिशेवर जास्त आणि उंचीवर कमी होतं, किंवा उपकरणात काही झालं, पण तांत्रिक बिघाडाचा पुरावा सापडला नाही. आणि एक फार विचित्र गोष्ट त्यात आहे, पहिल्या धडकेनंतरही कंट्रोलर जणू काही झालंच नाही असा टॉकडाउन चालू ठेवून होता. ते वाक्य मी कितीदा वाचलं असेल. त्यावरून एवढं तरी दिसतं की त्याच्या पडद्यावरचं विमान आणि शेतातलं विमान ही दोन वेगळी विमानं झाली होती.

क्रियापदं का म्हणतो, तर 'खाली गेला' आणि 'खाली जाऊ दिलं गेलं' यात कर्ता बदलतो. ज्याची चौकशी त्याच्या माणसाचा कर्ता नेहमी थोडा पुसट होतो. हे कट-कारस्थान वगैरे नाही, प्रत्येक ऑफिस आपल्या खिडकीतून जे दिसतं तेवढंच लिहितं. तुम्ही दोन्ही खिडक्यांतून बघा.

आता दबावाची गोष्ट. स्वागताला लोक थांबलेत, बाजूला साहेब बसलेत, म्हणून हीथ्रोलाच उतरायचा हट्ट केला, ही गोष्ट या अपघाताबद्दल सगळीकडे ऐकू येते. शक्य आहे, मनात थोडं तरी येणारच, माणूस आहे. पण कागदावर याला जागा देताना कंजूषपणा करा. दबाव सिद्ध करायला बोललेलं किंवा लिहिलेलं काहीतरी लागतं. उलट बाजूला लिहिलेलं आहे की एकदाच प्रयत्न, मग वॉडिंग्टन, आणि हट्टी माणूस असं ठरवून ठेवत नाही. तर ही गोष्ट समासात लिहा, प्रश्नचिन्हासकट, आणि मुख्य रेघेवर आणू नका.

सातवी पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, जोडीचा अपघात शोधा. एकच केस वाचून माणूस हुशार झाल्यासारखा वाटतो, दुसरी वाचली की कळतं खरं काय. एक्सए८९७ ची जोडी आहे माल्टाची, १४ ऑक्टोबर १९७५, व्हल्कन बी.२, नंबर एक्सएम६४५, ९ नंबर स्क्वॉड्रन, लुका विमानतळ. एकोणीस वर्षांनी. विमान रनवेच्या आधीच टेकलं, डावं अंडरकॅरेज गेलं, विमानाला आतून इजा झाली, पॉवर देऊन परत वर गेले. पुन्हा उतरायला वळत असताना झब्बार गावावर विमान हवेतच फुटलं. दोन्ही पायलट इजेक्ट होऊन वाचले, बाकीचे पाचही गेले, तुकडे गावात पडले, वीजवाहिनीची तार लागून एक बाई गेली, वीसेक लोक जखमी. आता दोन्ही कागद शेजारी ठेवा. हवामान वेगळं, टॉकडाउनचा प्रश्न नाही, साहेब नाहीत, स्वागत नाही, विमानही सुधारलेलं पुढचं मॉडेल. तरीही टेकडीची रेघ तीच, आधी टेकणं, चाक जाणं, वर उठणं, दोन बाण, आणि मागचे आतच. जे दोन्ही कागदांवर सारखं आहे ते विमानाचं, जे वेगळं आहे ते त्या दिवसाचं. ही चाळणी लावली की हीथ्रोच्या कागदावरचा अर्धा मजकूर त्या दिवसाचा निघतो आणि सीटांचं चित्र मात्र दोन्हीकडे तसंच राहतं.

जोडी शोधताना विमानाचा प्रकार बघून शोधा हं, नुसतं बॉम्बर म्हणून नाही. प्रत्येकाचं लँडिंगचं दुखणं वेगळं. अमेरिकन बी-४७ ची मुख्य चाकं सायकलसारखी एकामागे एक, पुढची आणि मागची जवळपास एकदम टेकवावी लागायची, पुढची आधी टेकली की विमान उड्या मारायचं. त्याची इंजिनं पॉवर द्यायला वेळ लावायची म्हणून उतरतानाच एक छोटं पॅराशूट मागे सोडून पॉवर चढी ठेवायचे, म्हणजे गो-अराउंडची, उतरणं सोडून परत वर जायची, वेळ आलीच तर इंजिन झोपलेलं नको. बी-५२ ची मुख्य चाकं तर बाजूच्या वाऱ्यात २० अंशांपर्यंत वळवता येतात, नाक वाऱ्याकडे आणि चाकं रनवेकडे, बघायला फार विचित्र. सोव्हिएत टीयू-२२ ला इजेक्शन सीट खालच्या दिशेने सुटायच्या, उंचावर ठीक, पण लँडिंगला त्यांचा उपयोग शून्य, उलट जमिनीत. म्हणजे व्हल्कनच्या मागच्या लोकांचं जे दुखणं ते टीयू-२२ मध्ये सगळ्यांचं. या विमानांचे कागद काढताना मूळ पद्धत तीच पण पहिला प्रश्न बदलतो, बी-४७ ला 'कुठलं चाक आधी', टीयू-२२ ला 'वेग किती'.

माहिती कुठे मिळते तर ब्रिटिश लष्करी अपघातांच्या जुन्या फायली लंडनजवळ क्यू इथे नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये असतात, आणि पार्लमेंटमधली प्रश्नोत्तरं छापील मिळतात, एक्सए८९७ वर तिथे बरंच बोलणं झालंय. पार्लमेंटचं वाचताना उत्तरापेक्षा प्रश्न जास्त वाचा, खासदारांनी नेमकं दुखऱ्या जागीच बोट ठेवलेलं असतं. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांची साक्ष वाचताना आवाज आणि दिशा यावर विश्वास ठेवा, उंची आणि वेळ यावर ठेवू नका, कुणालाही खालून बघून ३०० आणि १०० फूट यातला फरक कळत नाही आणि 'बराच वेळ' म्हणजे दोन सेकंदही असतात. फोटोत आधी चाकं शोधा, मग त्यांच्या खुणा, बाकी जळलेला सांगाडा शेवटी, तो फार बोलत नाही.

दोन ठिकाणी दोन आकडे सापडले, एकीकडे १,९८८ फूट आणि दुसरीकडे नुसतं २,०००, तर दोन्ही लिहून ठेवा, कुठे कुठला होता त्यासकट. सरासरी काढू नका. आणि कागद पूर्ण झाला की परत शेतातल्या त्या खुणेवर बोट ठेवून उजवीकडून डावीकडे जा, ८० फुटांच्या वाक्यापर्यंत. तिथून '३०० फूट' हा कोपऱ्यातला शब्द किती जवळ आहे ते पट्टीने मोजा. माझ्या कागदावर ते अंतर एका पेरापेक्षाही कमी आलं होतं.